पेटी कोणाची, फास कोणाला?

इंडोनेशियातील तांजुंग बलाई करीमुन येथील न्यायालयाने 25 एप्रिल 2025 रोजी तामिळनाडूच्या तीन तरुणांस देहदंडाची शिक्षा सुनावली. सिंगापूरच्या जहाजधंद्यात पोटासाठी राबणारी ही माणसे. जुलै 2024 मध्ये ते ज्या जहाजावर होते त्यावर 106 किलो मेथॅम्फेटामाइन सापडले, आणि वर्ष उलटण्याच्या आत त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडला गेला. त्यांच्या कुटुंबीयांनी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले तेव्हा न्यायालयाने मे 2025 मध्ये तेथील आपल्या वाणिज्य दूतावासास बजावले की, या तिघांस अपिलासाठी योग्य वकील मिळेल अशी तजवीज करावी. जे काम दूतावासाने पहिल्या दिवसापासून आपण होऊन करावयाचे, ते करून घेण्यासाठी गरिबांच्या घरच्या माणसांना उच्च न्यायालयापर्यंत यावे लागले, ही या प्रकरणातील पहिली शोचनीय गोष्ट होय. दुसरी, आणि तितकीच शोचनीय गोष्ट अशी की, महाराष्ट्रातील सुशिक्षित समाजाला हा प्रश्न आपला वाटतच नाही. तो आपला कसा आहे, हे दाखविण्यासाठीच आजचे हे लिखाण आहे.

मार्च 2025 मध्ये परराष्ट्र खात्याने राज्यसभेत जी माहिती दिली तीनुसार परदेशांच्या तुरुंगांत 10,152 भारतीय होते आणि त्यांपैकी 49 जणांच्या शिरावर फाशीची शिक्षा लटकत होती. संयुक्त अरब अमिरातीत पंचवीस, सौदी अरबस्तानात अकरा, मलेशियात सहा, कुवेतमध्ये तीन, आणि बाकीचे एकेक इकडे तिकडे. हे सारेच मादक द्रव्यांच्या व्यापारात सापडलेले नाहीत. काही खुनाच्या आरोपाखालीही आहेत. परंतु ज्या देशांची नावे या यादीत अग्रभागी आहेत ते बहुतेक देश अफू, चरस, गर्द यांची ने-आण करणाऱ्यास प्राणदंड देणारे आहेत, आणि आपला कष्टकरी वर्ग ज्या देशांत पोट भरावयास जातो तेही नेमके हेच देश आहेत. सौदी अरबस्तानने अशा गुन्ह्यांसाठी काही काळ थांबविलेला शिरच्छेद नोव्हेंबर 2022 पासून पुन्हा सुरू केला. या विषयाचा पाठपुरावा करणाऱ्या हार्म रिडक्शन इंटरनॅशनल या संस्थेच्या मोजणीनुसार 2024 या एका वर्षात जगात किमान 615 माणसांना मादक द्रव्यांच्या गुन्ह्यांसाठी ठार मारण्यात आले. त्यांतील फार मोठा भाग एकट्या इराणमधील आहे. चीन, उत्तर कोरिया आणि व्हिएतनाम या देशांतले आकडे बाहेर येत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘किमान’ या शब्दाचे वजन कळते.

आमची भूमिका आरंभीच स्पष्ट केलेली बरी. परक्या मुलखात गेलेल्या माणसाने त्या मुलखाचा कायदा पाळला पाहिजे, आणि तो मोडला तर तेथील शिक्षा भोगली पाहिजे. केवळ आपला नागरिक म्हणून त्यास वेगळी सवलत मिळावी, असे आम्ही म्हणणार नाही. मादक द्रव्यांचा व्यापार हा क्षुल्लक अपराध आहे, असेही कोणी समजू नये. 1980 च्या दशकात गर्दने मुंबई-पुण्याच्या किती घरांत अंधार केला, हे आजच्या साठीतल्या पिढीला सांगावे लागत नाही. अनिल अवचटांनी त्याच सुमारास ‘गर्द’ लिहिले आणि डॉ. सुनंदा अवचटांसह 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, ते काही हौस म्हणून नव्हे. तेथल्या खाटांवर थरथरत पडलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांच्या तोंडून ‘विकणाऱ्याला भर चौकात फाशी द्या’ असे शब्द निघाले, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, फासावर जो चढविला जातो तो विकणाराच असतो काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जकार्ता किंवा रियाधपर्यंत जाण्याचे कारण नाही. जुलै 2019 मध्ये मुंबईचे एक तरुण दांपत्य दोहा येथे उतरले. नात्यातील एका बाईने त्यांना ही सहल भेट म्हणून दिली होती, आणि जाताना तेथील ओळखीच्या माणसासाठी जर्दा म्हणून एक पुडके सोबत दिले होते, असे घरच्यांच्या तक्रारीत सांगितले आहे. विमानतळावर ते पुडके फोडले गेले. आत चार किलोंहून अधिक चरस निघाला. पत्नी गरोदर होती. न्यायालयाने दोघांस दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. पुरावा तर हातात होता. सामान यांचे, पुडके यांच्या सामानात, आणि ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ हे तर सगळेच म्हणतात! परंतु त्यांचे आप्त स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोकडे धाव घेतली. मुंबईत मागे राहिलेल्या फोनवर संभाषणे सापडली. गरोदर स्त्रीने प्रवासाला नकार द्यावा आणि समोरच्या व्यक्तीने तिला गळ घालावी, हे त्यांत ऐकू येत होते. ब्यूरोने तपास केला, टोळीतील माणसांना पकडले आणि तो पुरावा परराष्ट्र खात्यामार्फत कतारला पोचला. 2021 च्या आरंभी तेथील वरिष्ठ न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी पाठविले आणि मार्च 2021 मध्ये दोघेही निर्दोष ठरले. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले तेव्हा त्यांच्या कडेवर तुरुंगात जन्मलेली मुलगी होती.

ही कथा सुखान्त आहे, म्हणून ती वाचून आपण नि:श्वास सोडतो. पण जरा थांबून विचार करावा. हेच दांपत्य दोह्याऐवजी सिंगापूरला उतरले असते तर? तेथील कायद्यानुसार दोनशे ग्रॅमहून अधिक चरस आणणाऱ्यास मृत्युदंड आहे. यांच्या सामानातील चरस त्या मर्यादेच्या वीसपट होता. निर्दोष मुक्तता आणि वधस्तंभ यांतील अंतर विमानाच्या तिकिटावर छापलेल्या गावाच्या नावाएवढेच होते, आणि ते तिकीट त्यांनी स्वत: काढलेलेही नव्हते!

ही एखादीच दुर्मीळ घटना असेही नाही. एप्रिल 2023 मध्ये मुंबईची एक होतकरू अभिनेत्री वेबमालिकेसाठी चाचणी देण्याच्या आशेने शारजास गेली. ‘हे दृश्यासाठी लागेल’ म्हणून तिच्या हाती देण्यात आलेल्या मानचिन्हाच्या पोटात मादक द्रव्य दडविलेले होते. मुंबई पोलिसांनी ज्यांना पकडले त्यांपैकी प्रमुख आरोपी पावाच्या दुकानाचा मालक, आणि त्याचा राग कशावरून, तर मुलीच्या आईशी कुत्र्यावरून झालेल्या भांडणावरून! आरोपपत्रातील हकीकत खरी मानावयाची, तर आणखी काही लोकांनाही याच युक्तीने अडकविण्यात आले होते. मुलगी महिनाअखेरीस तुरुंगाबाहेर आली आणि ऑगस्टमध्ये घरी पोचली. शेजारधर्मातील तंट्याचा सूड म्हणून माणसाला परक्या देशाच्या फाशीगेटापर्यंत ढकलता येते, ही गोष्ट कादंबरीत घातली तर वाचक ती अतिरंजित म्हणून बाजूस ठेवील. मुंबईत ती पोलिसांच्या दप्तरात नोंदलेली आहे.

कडक कायदे करणाऱ्या देशांस या शक्यतेची जाणीव नाही असे नव्हे. त्यांनी जाणूनबुजून तिच्याकडे पाठ फिरविली आहे. सिंगापूरच्या कायद्यात ज्याच्या ताब्यात पेटी किंवा पिशवी सापडली त्याच्या ताब्यात आतील मालही होता असे गृहीत धरले जाते. आणि माल ताब्यात होता म्हणजे तो काय आहे हे त्यास ठाऊक होते, असेही गृहीत धरले जाते. दोन्ही गृहीते खोडून काढण्याचा भार आरोपीवर. मनात काय नव्हते, हे माणसाने सिद्ध कसे करावयाचे? 2012 साली तेथे थोडी सवलत देण्यात आली: जो केवळ वाहक होता आणि ज्याने तपासास भरीव मदत केली असे सरकारी अभियोक्त्याने प्रमाणपत्र दिले, त्यास न्यायाधीश फाशीऐवजी जन्मठेप देऊ शकतो. वरवर पाहता ही दया वाटते. पण तिच्यातील क्रूर विनोद पाहावा. ज्यास टोळीची माहिती आहे तो माहिती देऊन जीव वाचवू शकतो. ज्यास कशाचीच माहिती नाही, जो खरोखरच फसविला गेला, त्याच्यापाशी देण्यास काहीच नसते. म्हणजे जितका अज्ञानी तितका तो दोराच्या जवळ! एप्रिल 2022 मध्ये तेथे मलेशियाच्या ज्या तरुणास फाशी झाली त्याचा बुद्ध्यंक 69 नोंदविला गेला होता आणि त्याने मांडीला बांधून आणलेले हेरॉइन जेमतेम 43 ग्रॅम होते. त्या 43 ग्रॅमचा मालक कोण, याची जगाला आजतागायत वार्ता नाही.

येथे कोणी म्हणेल की, पूर्वेकडील या राष्ट्रांचा राग समजून घ्या; अफूने त्यांना पिढ्यानपिढ्या गिळले आहे. आम्ही तो समजून घेतो. किंबहुना तो समजून घेण्याची जबाबदारी मुंबईकरांइतकी दुसऱ्या कोणाचीच नाही. कारण परक्या देशात मादक द्रव्य चोरून नेणारे परदेशी, आणि त्यांच्यासाठी प्राणदंड, हा विषय जगाच्या इतिहासात प्रथम गाजला तो कँटनच्या बंदरात, आणि तेव्हाच्या पेट्यांवर मुंबईचा शिक्का होता.

माळव्याच्या शेतांत पिकलेली अफू बैलांच्या पाठीवरून मुंबईस यावयाची, कंपनी सरकार तिच्यावर परवान्याची पट्टी घ्यावयाचे, आणि मुंबईचे पारशी, मारवाडी, गुजराती, कोकणी मुसलमान व्यापारी ती जहाजांवर चढवून चीनकडे रवाना करावयाचे. चीनमध्ये तिला बंदी होती. म्हणजे आजच्या भाषेत ही उघडउघड तस्करी होती. 1839 च्या मार्चमध्ये बादशहाचा खास अधिकारी लिन झेशू कँटनला आला. त्याने परदेशी वखारींना वेढा दिला, वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि जूनमध्ये हुमेन येथे चुना आणि मीठ घालून त्या नष्ट केल्या. त्याने परदेशी व्यापाऱ्यांपुढे एक करारपत्रही ठेवले: यापुढे ज्या जहाजात अफू सापडेल त्याचा माल जप्त व्हावा आणि आणणाऱ्यास देहदंड व्हावा, हे आम्हांस मान्य आहे. सिंगापूरच्या विमानतळावर जी सूचना प्रवाशांच्या हाती पडत असे तिचा पहिला मसुदा हाच होय. इंग्रजांनी सही करण्याचे नाकारले. चिनी कायद्याच्या हाती इंग्रजाची मान द्यावयाची, ही कल्पनाच त्यांना असह्य झाली. पुढे जे झाले त्याला इतिहासात अफूचे युद्ध म्हणतात. 1842 च्या नानकिंगच्या तहाने चीनला नष्ट केलेल्या अफूची भरपाई साठ लाख डॉलर द्यावी लागली, आणि पुढच्याच वर्षीच्या पुरवणी तहाने इंग्रज प्रजाजन चिनी न्यायालयांच्या कक्षेतून बाहेर काढण्यात आले.

या सगळ्या प्रकरणात फाशी मात्र झाली होती. लिन येण्यापूर्वीच, फेब्रुवारी 1839 मध्ये, परदेशी वखारींच्या समोरच्या मैदानात एका चिनी अफूविक्याचा गळा आवळून वध करण्यात आला. साहेबलोकांनी पाहावे आणि धडा घ्यावा हा हेतू. साहेबलोकांनी निषेध म्हणून आपापले झेंडे उतरविले आणि धंदा चालू ठेवला. त्या धंद्याचा म्होरक्या विल्यम जार्डिन विलायतेस जाऊन 1841 मध्ये पार्लमेंटचा सभासद झाला. त्याचे मुंबईतील भागीदार जमशेटजी जिजीभाई यांना 1842 मध्ये ‘सर’ ही पदवी आणि 1857 मध्ये बॅरोनेटचा मान मिळाला. जमशेटजींच्या दानशूरपणाबद्दल आम्हांला यत्किंचितही शंका नाही. जे. जे. रुग्णालयाने आजवर किती लाख गरिबांचे प्राण वाचविले असतील त्याची गणती नाही, आणि माहीमचा पूल लेडी अवाबाईंनी बांधला नसता तर कित्येक कुटुंबांचे होडीत बुडणे टळले नसते. पण ज्या पैशातून हे पुण्य घडले त्याचा मोठा ओघ कोठून आला, हेही विसरता येत नाही. मालकाला बॅरोनेटची पदवी आणि किरकोळ विक्याला मैदानातला फास, ही वाटणी 1839 मध्ये ठरली ती अद्याप बदललेली नाही. फक्त तेव्हा परदेशी हा बलाढ्य होता म्हणून सुटला, आणि आज परदेशी म्हणून जो सापडतो तो बहुधा सगळ्यांत दुबळा असतो.

2010 साली इंडोनेशियात पकडल्या गेलेल्या फिलिपाइन्सच्या मोलकरणीचे उदाहरण घ्या. तिच्या बॅगेच्या अस्तरात 2.6 किलो हेरॉइन शिवलेले होते. नोकरी देतो म्हणून जिने तिला पाठविले ती बाई एप्रिल 2015 मध्ये, फाशीच्या ऐन तोंडावर, मायदेशी पोलिसांच्या स्वाधीन झाली आणि या बाईची फाशी काही तासांवर असताना थांबली. डिसेंबर 2024 मध्ये ती आपल्या देशी परत गेली. त्याच रात्री तिच्याबरोबरच्या आठ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढच्या वर्षी, जुलै 2016 मध्ये, पंजाबचा एक मनुष्य असाच शेवटच्या घटकेला वाचला. त्या रात्री चौघांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि याचे नाव मात्र यादीत राहूनही तो जिवंत राहिला. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी धावपळ केली हे खरे. पण ज्या न्यायव्यवस्थेत प्राण वाचणे हे मंत्र्यांच्या धावपळीवर किंवा कोणाच्या शरणागतीच्या मुहूर्तावर अवलंबून असते, तिला न्यायव्यवस्था म्हणावे की सोडत?

आणि माल तयार करणारे कोठे असतात? आपल्या दाराशी! ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना सापडला. त्या प्रकरणातील मुख्य आरोपी तोपर्यंत पुण्याच्या ससून रुग्णालयात कैदी म्हणून उपचार घेत होता आणि तेथून पसारही झाला होता. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले. या धंद्याचे भांडवल, रसायने, यंत्रे, हिशेबनीस हे सर्व येथे आहे. परदेशच्या विमानतळावर सापडते ती फक्त पिशवी आणि ती उचलणारा हात. तो हात तोडल्याने दुसरा हात मिळावयास टोळीला एक आठवडाही लागत नाही. बेकारी हे त्यांचे भरतीकेंद्र आहे. देहदंडाने जरब बसते असे जे म्हणतात त्यांनी एवढेच सांगावे की, पुडक्यात काय आहे हे ज्यास ठाऊक नाही त्याच्यावर जरब कशी बसावयाची, आणि ज्यास ठाऊक आहे तो जर विमानात चढतच नाही तर त्यास जरबेचे भय काय?

आता आपल्या घराकडे वळू. भारत सरकार ज्या वेळी इंडोनेशियाच्या किंवा सौदीच्या राजधानीत आपल्या नागरिकासाठी दयेची याचना करते, त्या वेळी समोरचा मुत्सद्दी सहज विचारू शकतो: ‘आपल्याकडे काय शिक्षा आहे?’ उत्तर देताना आपल्या राजदूताला मान खाली घालावी लागेल. मादक द्रव्यांविषयीचा आपला 1985 चा कायदा आहे. त्यात 1989 साली 31-अ हे कलम घुसडण्यात आले. ठरावीक प्रमाणाहून अधिक मालाच्या प्रकरणात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास मृत्युदंड, आणि तोही अनिवार्य. न्यायाधीशाला दुसरा मार्गच नाही. 2008 साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसाच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी एका काश्मिरी आरोपीस या कलमाखाली फाशी सुनावली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले, आणि 16 जून 2011 रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती अ. प्र. भंगाळे यांनी जो निवाडा दिला तो या न्यायालयाच्या परंपरेला साजेसा होता. गुन्ह्याची आणि गुन्हेगाराची परिस्थिती न पाहता डोळे मिटून प्राण घेण्याची सक्ती घटनेच्या एकविसाव्या कलमाशी विसंगत आहे, असे त्यांनी म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली मिठू खटल्यात जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनासाठीची अनिवार्य फाशी रद्द केली होती. तोच धागा मुंबईने पुढे नेला. जगात अशा प्रकारचा हा पहिलाच निवाडा म्हणून त्याची वाखाणणी झाली. महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा असा तो आहे. पण आमच्या येथे क्रिकेटच्या एखाद्या शतकाची जेवढी चर्चा होते तिच्या शतांशानेही त्याची झाली नाही.

तथापि त्या निवाड्याने कलम पुसले नाही. ‘द्यावीच लागेल’ याऐवजी ‘देता येईल’ असे ते वाचावे, एवढेच न्यायालयाने सांगितले. आणि 2014 साली संसदेने दुरुस्ती करून तेच शब्दांत उतरविले. म्हणजे मादक द्रव्यांसाठी देहदंड आजही आपल्या कायद्याच्या पुस्तकात आहे. इतकेच नव्हे, तर त्याच कलमाचे दुसरे पोटकलम असे सांगते की, एखादा मनुष्य परदेशातील न्यायालयात अशा गुन्ह्यासाठी दोषी ठरला असेल तर तो जणू भारतातच दोषी ठरला असे धरून चालावे. दोह्याच्या त्या दांपत्याची शिक्षा कायम झाली असती, तर आपल्या कायद्याने त्यांच्याकडे एकदा दोषी ठरलेले म्हणून पाहिले असते! ज्या परदेशी निवाड्याच्या निर्दोषत्वाविषयी आपण बाहेर शंका घेतो, त्याच निवाड्याच्या पायावर आपण घरात फाशीची पायरी रचून ठेवली आहे. आणि सिंगापूरच्या गृहीतांना नावे ठेवताना आपल्या 35 व्या कलमाचाही विसर पडू नये. आरोपीच्या मनात अपराधी हेतू होता, हे तेही गृहीत धरते, आणि तो नव्हता हे आरोपीने वाजवी शंकेला जागा न उरेल अशा रीतीने सिद्ध करावे असा आग्रह धरते.

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 1979 मध्ये मान्यता दिली. देहदंड ज्यांनी ठेवला आहे त्यांनी तो केवळ अत्यंत गंभीर अपराधांपुरता ठेवावा, असे तो करार म्हणतो. आणि 2018 मध्ये त्या कराराच्या मानवी हक्क समितीने मादक द्रव्यांचे गुन्हे त्यात मोडत नाहीत, असा स्पष्ट खुलासा केला. संयुक्त राष्ट्रांत देहदंड स्थगित करण्याचे ठराव येतात तेव्हा आपण सातत्याने विरोधी मत देत आलो आहोत. त्या मोठ्या वादात आज आम्ही शिरत नाही. खुनी आणि दहशतवादी यांना फाशी असावी की नसावी यावर वाचकांत मतभेद असतील, आणि ते असोत. परंतु एका पिशवीसाठी माणूस मारू नये, यावर एकमत व्हावयास त्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. मलेशियासारख्या देशाने, जेथे 1986 साली दोन पाश्चात्त्य तरुणांना जगभरच्या विनवण्या धुडकावून फासावर चढविले गेले होते, त्या देशाने 2023 मध्ये अनिवार्य देहदंड रद्द केला आणि फाशीच्या कोठड्यांत वर्षानुवर्षे कुजणाऱ्या शेकडो कैद्यांच्या शिक्षांचा फेरविचार केला. मलेशियास जे जमले ते गांधींच्या देशाला का जमू नये?

परदेशात सापडलेल्या आपल्या माणसासाठी काय करता येते याचा धडा आपण एकदा उत्तम रीतीने गिरविला आहे. कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये फाशी सुनावली तेव्हा भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. विदर्भाचे सुपुत्र हरीश साळवे यांनी एका रुपयाच्या मानधनावर ती बाजू लढविली, आणि 17 जुलै 2019 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, अटक झालेल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क असल्याचे न सांगणे हा 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमाचा भंग आहे. जाधवांचा खटला हेरगिरीच्या आरोपाचा होता, पण हा हक्क हेराचा नव्हे, प्रत्येक अटक झालेल्या परकीयाचा आहे. जाधवांसाठी जो देश हेगपर्यंत गेला तोच देश उत्तर प्रदेशातील एका स्त्रीच्या बाबतीत इतका गाफील राहिला की, फेब्रुवारी 2025 मध्ये अबू धाबीत तिला मृत्युदंड दिला गेल्याची गोष्ट तिच्या बापाला ती होऊन गेल्यावर, न्यायालयात दाद मागितल्यानंतर समजली! तिचा खटला खुनाचा होता. पण बापाला मुलीच्या मृत्यूची बातमी सरकारी वकिलाच्या तोंडून ऐकावी लागावी, याला कोणत्याही गुन्ह्याचे कलम लागू पडत नाही.

मुंबईच्या विमानतळावरून आखाताकडे जाणाऱ्या रांगेत आता केवळ मुंबईचे लोक नसतात. बुलढाणा जिल्ह्यातील, पैनगंगेच्या उगमाजवळच्या देऊळघाटसारख्या गावातील एखादा गवंडी किंवा वाहनचालकही त्या रांगेत असू शकतो. शेजारपाजारचा कोणी त्याच्या हाती ‘तिकडे आमच्या माणसाला एवढे द्या’ म्हणून लोणच्याची बरणी, औषधाची पुडी देणार, आणि आपल्या गावच्या रीतीने तो नाही म्हणणार नाही. नाही म्हणणे त्याला माणुसकीला सोडून वाटेल. त्याच्या विमानतळावरील अटकेची बातमी घरी पोचेल तेव्हा त्याचा बाप कोणाकडे जाईल? आधी तलाठ्याकडे, मग बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत, मग आमदाराकडे. आणि त्या प्रत्येक ठिकाणी त्याला सांगण्यात येईल की हे दिल्लीचे काम आहे. दोह्याचे प्रकरण सुटले कारण त्या कुटुंबापाशी मुंबईचा पत्ता होता, चिकाटी होती आणि फोनवर ध्वनिमुद्रण उरले होते. देऊळघाटच्या बापापाशी यांतले काय असेल?

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे, पण ती टाळता येणार नाही. महाराष्ट्र सरकारने गृहखात्यात असा एक कक्ष उघडावा की, परदेशात अमली पदार्थांच्या आरोपाखाली अटक झालेल्या राज्यातील प्रत्येक माणसाच्या बाबतीत, सामान कोणी दिले, तिकीट कोणी काढले, फोन कोणाचे आले, याचा तपास त्याच आठवड्यात येथे सुरू व्हावा, आणि त्यातून निघालेला पुरावा त्या देशाच्या न्यायालयाच्या भाषेत भाषांतरित होऊन खटला उभा राहण्यापूर्वी तेथे पोचावा. खरा पुरावा नेहमी निघालेल्या गावी असतो, पोचलेल्या गावी नव्हे. भारतीय समुदाय कल्याण निधी 2009 पासून आहे. फाशीची शक्यता असलेल्या प्रत्येक खटल्यात पहिल्या सुनावणीपासून त्यातून वकील दिला जावा, अपिलाच्या वेळी नव्हे. कैद्यांच्या हस्तांतरणाचे आपले करार फाशीच्या कैद्याला लागू होत नाहीत, तेव्हा त्याच्यासाठी हाच एक मार्ग उरतो. आणि संसदेच्या येत्या अधिवेशनात 31-अ कलम रद्द करणारे विधेयक महाराष्ट्राच्या खासदारांपैकी कोणीतरी मांडावे. पक्ष कोणताही असो. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये अर्धे काम करून ठेवले आहे. करीमुनच्या त्या तिघांसाठी आपला वाणिज्य दूत जेव्हा पुढच्या पायरीवर उभा राहील, तेव्हा तोवर तरी त्याच्या खिशातल्या कायद्याच्या पुस्तकात हे पान असू नये.